पुनर्विकासाच्या नकाशात व्हीलचेअरची वाट : पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीचा प्रश्न

अनघा, पाचपाखाडी

नमस्कार. ठाण्यातील पाचपाखाडीतली आमची सोसायटी १९८४ सालची, तळमजला अधिक चार मजल्यांची, वीस बिऱ्हाडांची आणि लिफ्ट नसलेली आहे. माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते. तीन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला आणि तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. या तीन वर्षांत ती अकरा वेळा खाली उतरली. दहा वेळा रुग्णालयासाठी आणि एकदा माझ्या भाच्याच्या मुंजीसाठी. प्रत्येक वेळी शेजारची चार मुले तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने खुर्चीला बांधून, जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी करत खाली आणतात. त्या वळणावर ती डोळे मिटून घेते.

आता आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. गेल्या महिन्यातील विशेष सर्वसाधारण सभेत विकासकाच्या वास्तुविशारदांनी बावीस मजल्यांचा आराखडा दाखवला. सगळे सभासद खोल्यांची मापे आणि पार्किंग पाहत होते, मी प्रवेशद्वार पाहत होते. खालच्या पार्किंगपासून लॉबी ६०० मिलिमीटर उंच घेतली असून तेथे चार पायऱ्या आहेत. बाजूला रॅम्प दाखवला आहे, पण नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यावर त्याची लांबी अवघी ३.६ मीटर भरते. दोन लिफ्टपैकी एक सहा माणसांची आहे आणि दुसरी आठ माणसांची. स्वच्छतागृहांचे दरवाजे सगळीकडे ७५० मिलिमीटरचे आहेत.

मी सभेत विचारले तेव्हा वास्तुविशारदांनी सांगितले, की निवासी इमारतीला अशी सक्ती नाही आणि तरीही आम्ही रॅम्प दिला आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, की एका घराच्या गरजेसाठी वीस घरांचा आराखडा बदलणे योग्य नाही. ते मनाने वाईट नाहीत. आईला उचलणाऱ्या मुलांपैकी एक त्यांचाच मुलगा आहे. म्हणूनच मला त्यांना पटेल असे उत्तर हवे आहे. कायदा नेमके काय सांगतो, आणि विकास करारनाम्यात काय लिहून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. करारनाम्याच्या मसुद्यावर सूचना देण्यासाठी आमच्याकडे तीन आठवडे आहेत.

विनायक, वाशी

अनघाताई, मी वास्तुविशारद आहे आणि गेली अनेक वर्षे नवी मुंबईतील सोसायट्यांची कामे करतो. कायद्याचे जाणकार लिहितीलच. मी मापांबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मापांतच आहे.

रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक मिलिमीटर उंची चढायला बारा मिलिमीटर लांबी लागते. तुमची लॉबी ६०० मिलिमीटर उंच आहे, म्हणजे रॅम्पला ७.२ मीटर लांबी हवी, आणि वर, खाली व मध्ये खुर्ची थांबवता येईल अशी सपाट जागा वेगळी. ३.६ मीटरमध्ये तो चढ १:६ होतो. अशा रॅम्पवर स्वतःच्या हातांनी चाके ढकलणारी व्यक्ती वर जाऊ शकत नाही, आणि उतरताना मागे धरणाऱ्याच्या हातून खुर्ची निसटण्याची भीती असते. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून ठाण्यालाही लागू आहे, दिव्यांग, ज्येष्ठ आणि मुले यांच्या अडथळाविरहित वावरासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. १:१२ चा चढ, दोन्ही बाजूंना ८०० मिलिमीटर उंचीचे कठडे आणि ते कठडे रॅम्पच्या दोन्ही टोकांपलीकडे ३०० मिलिमीटर पुढे नेणे, ही मापे आमच्या व्यवसायात कोणालाही नवी नाहीत. टोकापलीकडचे ते ३०० मिलिमीटर अनेक जण शोभेचे समजून कापून टाकतात. पण सपाटीवर पोहोचण्यापूर्वीच्या शेवटच्या ढकलीला हाताला आधार लागतो, तो तेवढ्यानेच मिळतो.

तरीही मी तुम्हाला आधी वेगळा प्रश्न विचारायला सांगेन : लॉबी ६०० मिलिमीटर उंच का? २६ जुलै २००५ नंतर आपल्याकडे लॉबी उंच घेण्याची पद्धत पक्की झाली आणि त्यामागचे कारण खरे आहे. पण पाण्यापासून बचाव करायचा तर संपूर्ण आवाराची पातळीच फाटकापासून इमारतीपर्यंत १:२० इतक्या सौम्य उताराने चढवत नेता येते. तो उतार रस्त्यासारखाच वाटतो. मग लॉबीपाशी पायरीच उरत नाही आणि आजोबा, बाळाची गाडी ढकलणारी आई, गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा, सगळे एकाच दाराने आत येतात. हे काम जोत्याच्या टप्प्यावर केले तर फारसे महाग पडत नाही. नंतर मात्र ते होतच नाही.

लिफ्टबाबत : सहा माणसांच्या लिफ्टची खोली साधारण १००० मिलिमीटर असते. पाय ठेवण्याच्या फळीसह व्हीलचेअरची लांबी त्याहून जास्त भरते, म्हणून खुर्ची आत गेली तरी दार बंद होत नाही. आठ माणसांची लिफ्ट साधारण १३०० बाय ११०० मिलिमीटर असते. खुर्ची कशीबशी मावते, सोबतचा माणूस अंग चोरून उभा राहतो. सुगम लिफ्ट म्हणून मानकांत जी सांगितली जाते ती तेरा माणसांची, २००० मिलिमीटर रुंद, ११०० मिलिमीटर खोल आणि ९०० मिलिमीटर दाराची. बावीस मजल्यांच्या इमारतीत दोनपैकी एक लिफ्ट अशी मागणे ही चैन नाही. रुग्णवाहिकेची माणसे स्ट्रेचर घेऊन येतील तेव्हा तीच लिफ्ट प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल.

आणि स्वच्छतागृह. ७५० मिलिमीटरचा दरवाजा म्हणजे चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा जाता ६५० च्या आसपास मोकळी जागा. बहुतेक व्हीलचेअर तिथेच अडतात. प्रत्येक सदनिकेतील किमान एका स्वच्छतागृहाला ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी मागा आणि दरवाजा बाहेर उघडणारा किंवा सरकता मागा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते. हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. दार रुंद केल्याने कोणाचेही चटईक्षेत्र कमी होत नाही. उंबरठा ठेवायचाच असेल तर १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि त्याची कड उतरती हवी.

रोहिणी, कोपरी

मी वकिली करते. 'निवासी इमारतीला सक्ती नाही' हे उत्तर जुन्या सवयीतून येते, कारण पूर्वीच्या नियमांचा भर सार्वजनिक वापराच्या इमारतींवर होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याचे कलम ४४ नीट वाचले पाहिजे. बांधकामाचा आराखडा केंद्र सरकारने कलम ४० खाली केलेल्या सुगम्यतेच्या नियमांना धरून नसेल तर कोणत्याही आस्थापनेला बांधकामाची परवानगी देता येत नाही. तसेच नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही आणि इमारतीचा ताबा घेऊ देता येत नाही. या कलमात 'सार्वजनिक इमारत' असा शब्द नाही, 'कोणतीही रचना' असा आहे. आता 'आस्थापना' म्हणजे कोण? व्याख्येत खासगी आस्थापनाही येते, आणि खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी व भागीदारी संस्थेसोबत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे विकासक या कक्षेत येतो आणि सोसायटीही येते, असे माझे वाचन आहे आणि ते मी कोणत्याही व्यासपीठावर मांडायला तयार आहे.

याच्या उलट, उभ्या असलेल्या इमारतींबद्दलचे कलम ४५ हे 'सार्वजनिक इमारतीं'पुरते आहे. त्यामुळे आज जी सोसायटी पुनर्विकासात नाही, तिच्यावर त्या कलमाखाली रॅम्पची सक्ती करणे अवघड आहे. अनघा, तुमच्या बाबतीत हीच गोष्ट वेळेचे महत्त्व सांगते : कायद्याचा हात सर्वांत मजबूत आहे तो आराखडा मंजूर होण्यापूर्वी. एकदा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, मिळाले की तुमचा मार्ग अधिकाराचा न राहता विनंतीचा होतो.

दुसरा मुद्दा राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाचा. याच अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये सुगम्यतेची मानके सांगितली होती, पण ती मार्गदर्शक सूचनांच्या स्वरूपात होती, म्हणून प्रत्येक जण ती पाळणे ऐच्छिक मानत असे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम शिफारस करतो, हे चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांत किमान मानके सक्तीची करणारे नियम बनवण्यास सांगितले आणि ते झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला रोखणे, दंड करणे या परिणामांची अंमलबजावणी करण्याचेही निर्देश दिले. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. विकासकाला दंडापेक्षा दाखला अडकण्याची धास्ती जास्त असते, म्हणून पत्र लिहिताना कलम ४४ वर भर द्या.

पत्र सोसायटीच्या नावे द्या, प्रत प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांना द्या आणि पोच घ्या. उपयोग झाला नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. कलम ८० प्रमाणे राज्य आयुक्त स्वतःहूनही चौकशी करू शकतात.

सुधीर, नेरूळ

मी एका सोसायटीचा सचिव आहे आणि अनघाताईंच्या त्या ज्येष्ठ सभासदांची बाजू मला समजते. आमची इमारत १९९० च्या दशकातील आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही सर्वसाधारण सभेचा ठराव करून रॅम्प बांधला. हेतू चांगला होता, पण कोणालाही न विचारता गवंड्याकडून जागा असेल तेवढ्यात बसवून घेतला. तो इतका चढा झाला आहे की त्याचा उपयोग आज फक्त स्कूटर वर चढवायला होतो. आमच्याच एका सभासद बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यावरून घसरल्या. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण ठरावावर सही माझी आहे.

आता तो तोडून नवा करायचा तर बाजूच्या मोकळ्या जागेतून न्यावा लागेल, आणि तिथून अग्निशमन दलाची गाडी जाण्याची वाट अडवता येत नाही. खर्चावरून सभेत वाद होतात. विनायकजी, आमच्यासारख्या जुन्या इमारतीला काही उपाय आहे का? चौदा सभासद पासष्टच्या पुढचे आहेत.

विनायक, वाशी

सुधीरराव, अशा ठिकाणी उभी चढउतार करणारी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवता येते. चार-पाच पायऱ्यांच्या उंचीसाठी तिला जेमतेम दीड मीटर चौरसाच्या आसपास जागा पुरते आणि गाडीची वाट मोकळी राहते. मात्र देखभालीचा वार्षिक करार आणि वीज गेल्यास हाताने उतरवण्याची सोय या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय घेऊ नका. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची खरखरीत पट्टी, हे काम तर या महिन्यातही होऊ शकते.

मानसी, घोडबंदर रोड

मी बारा वर्षे न्यू जर्सीत राहून परतले आहे. तिथे मी इमारतींच्या व्यवस्थापनात काम करत होते, म्हणून तिथली पद्धत सांगते. अमेरिकेचा फेअर हाउसिंग ॲक्ट १९६८ चा आहे. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म इत्यादींवरून भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांगत्व आणि मुले असलेली कुटुंबे आली. १३ मार्च १९९१ नंतर प्रथम वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींना सात गोष्टी बंधनकारक झाल्या : सुगम प्रवेश, सुगम सामायिक जागा, खुर्ची जाईल असे दरवाजे, घरात शिरण्याची व फिरण्याची वाट, हात पोहोचेल अशा उंचीवर बटणे, आधारदांडे पुढे कधीही बसवता येतील अशा मजबूत केलेल्या स्नानगृहाच्या भिंती, आणि खुर्चीतून वापरता येणारी स्वयंपाकघरे व स्नानगृहे. लिफ्ट असेल तर हे सगळ्या घरांना लागू, नसेल तर तळमजल्यावरील घरांना.

मला यातली सहावी गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आधारदांडा आज कोणालाच नको असतो, पण भिंत आजच तयार ठेवायची, कारण तो कधी लागेल हे कोणत्याही घराला ठाऊक नसते. 'एका घराची गरज' या म्हणण्याला तिथल्या कायद्याचे हे उत्तर आहे.

रोहिणी, कोपरी

मानसी यांनी सांगितलेल्या कायद्याच्या भेदभावबंदीसारखा, खासगी घरांच्या व्यवहारांना सर्वंकष लागू होणारा कायदा आपल्याकडे नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या झोराष्ट्रीयन (पारशी) सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारी उपविधी, म्हणजे सोसायटीचा अंतर्गत नियम, ग्राह्य धरली होती. दिव्यांगांच्या बाबतीत मात्र २०१६ च्या अधिनियमाचे कलम ३ भेदभावाला मनाई करते आणि वाजवी सोयी पुरवल्या जातील हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. कलम ३७ नुसार संबंधित सरकारी गृहनिर्माण योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण आरक्षणातून मिळालेल्या घराच्या स्वच्छतागृहात खुर्ची जात नसेल, तर ते घर कागदावरच मिळाले असे मी मानते.

विनायक, वाशी

मानसीताईंच्या मजबूत भिंतीच्या मुद्द्याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. हल्ली आतल्या भिंती बहुतेक ठिकाणी हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या, असतात. त्यांत साधे खिळे-प्लग बसवून आधारदांडा लावला तर अंगाचा भार पडल्यावर तो भिंतीसकट निघून हातात येतो. म्हणून करारनाम्यात असे लिहा : कमोडच्या बाजूची आणि मागची भिंत, तसेच शॉवरची भिंत, जमिनीपासून साधारण ७०० ते ९०० मिलिमीटरच्या पट्ट्यात भरीव काँक्रीट ब्लॉकची किंवा काँक्रीटच्या पट्टीची असेल. एका सदनिकेमागे याचा खर्च इतका कमी आहे की विकासकाला त्यावर वाद घालणे अवघड जाईल.

प्रसाद, ऐरोली

मी दृष्टिहीन आहे. येथील चर्चा चांगली चालली आहे, पण ती चाकांपुरती राहू नये म्हणून लिहीत आहे. नव्या उंच इमारतींत लिफ्टला काचेसारखे सपाट स्पर्शपटल बसवण्याची पद्धत आली आहे. त्यावर बोट ठेवताक्षणी कोणतातरी मजला नोंदला जातो, आणि कोणता ते मला कळत नाही. जुन्या इमारतीत मी एकटा घरी जात असे. नव्या इमारतीत मला लिफ्टपाशी कोणीतरी येण्याची वाट पाहत उभे राहावे लागते. उठावदार अंक व ब्रेल असलेली दाबायची बटणे आणि मजला सांगणारा आवाज, तोही मराठीत, एवढे लिहून घ्या. लॉबीत चालण्याच्या सरळ रेषेत कुंड्या आणि चपलांचे स्टँड नसावेत, हेही सोसायटीच्या नियमांत येऊ द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दाराच्या घंटीसोबत दिवा लागण्याची आणि आगीच्या भोंग्यासोबत प्रकाशाची सोय हवी. आग लागली तर ते शेवटपर्यंत झोपूनच राहतील, हे आपण विसरतो.

सुधीर, नेरूळ

प्रसादजी, आमच्या नव्या लिफ्टची निविदा पुढच्या आठवड्यात उघडणार आहे आणि त्यात स्पर्शपटलच लिहिलेले आहे. मी आज शुद्धिपत्रक काढतो.

अनघा, पाचपाखाडी

सर्वांचे मनापासून आभार. आज तीन आठवड्यांनी काय झाले ते कळवते.

आधी मी घरोघरी गेले. वीस घरांत सत्तरीच्या पुढची नऊ माणसे आहेत, दोन घरांत गुडघे बदललेले सभासद आहेत आणि एका घरात सुनेला आठवा महिना चालू आहे. बारा घरांनी पत्रावर सह्या केल्या. रोहिणीताईंनी सांगितल्याप्रमाणे कलम ४४ आणि 'सहकारी संस्था' हा शब्द पत्रात ठळक घातला. त्या ज्येष्ठ सभासदांनी पत्र दोनदा वाचले, मग स्वतः सही केली आणि सभेत विषयही त्यांनीच मांडला.

विकासकाच्या वास्तुविशारदांनी आवाराची पातळी चढवून लॉबी पायरीविरहित करणे मान्य केले आहे आणि सुधारित नकाशा आला आहे. सौम्य उताराची लांबी मी पट्टीने मोजली, चढ १:२० भरतो. आठ माणसांच्या लिफ्टऐवजी तेरा माणसांची लिफ्ट येणार आहे. प्रत्येक सदनिकेत एका स्वच्छतागृहाचा दरवाजा ९०० मिलिमीटरचा व सरकता, आणि भरीव पट्टीची भिंत, हे करारनाम्याच्या तांत्रिक परिशिष्टात आले. लिफ्टची बटणे उठावदार असतील, प्रसादजी.

पार्किंगचा प्रश्न मात्र अडला आहे. आमच्या वाट्याला यांत्रिक पार्किंगमधील जागा आली आहे. तिथे गाडी पाळण्यावर चढवण्याआधी सर्वांनी उतरायचे असते, आणि आईला उतरवायला बाजूला जागाच नाही. विकासक म्हणतो, की जमिनीवरच्या जागा विक्रीच्या सदनिकांसाठी राखल्या आहेत. याला काय उत्तर द्यावे?

दरम्यान बांधकामाच्या काळासाठी भाड्याचे घर शोधणे सुरू आहे. आतापर्यंत खारेगाव आणि माजिवडा येथे सात घरे पाहिली. लिफ्ट सगळीकडे होती. न्हाणीघरात खुर्ची एकाही घरात गेली नाही.

विनायक, वाशी

अनघाताई, दिव्यांगांसाठीची पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद असावी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी, असे माप आहे. नेहमीच्या जागेपेक्षा ही रुंदी जास्त आहे ती दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता यावी म्हणूनच. यांत्रिक पार्किंगमध्ये हे शक्य नाही, असे पत्रात सरळ लिहा. मागणी तुमच्या नावाने न करता सोसायटीची सामायिक जागा म्हणून करा, म्हणजे ती विकता येणार नाही आणि उद्या दुसऱ्या घराला लागली तर त्यांनाही मिळेल. नकाशात लॉबीलगतच्या दोन खांबांमधील जागा मला त्यासाठी योग्य दिसते. त्या दोन खांबांचे क्रमांक परिशिष्टात लिहून घ्या, कारण 'प्रवेशद्वाराजवळ' एवढ्याच शब्दांवर ती जागा बांधकामाच्या शेवटी मीटरखोलीला जाते.

भाड्याच्या घराबाबत : मालकाची परवानगी असेल तर न्हाणीघराचे दार बिजागऱ्यांवरून उतरवून तिथे पडदा लावा. पल्ल्याची जाडी गेल्यावर मोकळी जागा साधारण ३० ते ४० मिलिमीटरने वाढते, आणि अरुंद बांधणीच्या खुर्चीला कधीकधी तेवढेच कमी पडत असते. आईंच्या खुर्चीची चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंतची रुंदी मोजून येथे लिहा. पाहिलेल्या सात घरांपैकी कोणते जमेल ते आपण मिळून पाहू.